थांबणारं चाक

माणिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यानंच बनवलेल्या चिमट्याला तेल घालत होतो. "भावजी, गेले हो हे..." एवढंच वहिनी बोलल्या आणि फोन तसाच चालू राहिला. त्याला आता सहा आठवडे झाले. सेलूत माझ्या ओळखी पुष्कळ, पण संध्याकाळी उठून जावं असं ठिकाण एकच होतं, त्याचं वेल्डिंगचं दुकान. आता चप्पल घालतो आणि पुन्हा काढून ठेवतो.

आम्ही शाळेपासूनचे सोबती. मी इंग्रजीचा मास्तर झालो, त्यानं दुकान टाकलं. कापूस वेचून झाला की उरलेली पऱ्हाटी, म्हणजे वाळली झाडं, उपटताना बायकांच्या कंबरेचे हाल होतात, म्हणून त्यानं लांब दांड्याच्या चिमट्याला सायकलचं चाक जोडलं. पेटंटचा अर्ज मी लिहिला. रिटायर माणसाला मिरवायला काहीतरी हवंच होतं. पुढं पेटंट ऑफिसचं आक्षेपाचं पत्र आलं. चिमटा आधीच होता, तण काढायचं चाकाचं कोळपंही आधीच होतं. या कामातल्या कुठल्याही जाणत्याला दोन्ही जोडायचं सहज सुचलं असतं, मग यात शोध कोणता?

माणिक हसला. "सहज? दोनी बी माझ्या अंगणात वीस साल पडून व्हते, मलाच सुचलं न्हाई! अन् नुसतं जोडून काय व्हतंय? जोर लावला की चाक म्होरं पळतंय. माझं चाक जोर लावला की थांबतंय, मग त्याच्यावरच दांडा टेकतो. हे लिही."

मी लिहिलं नाही. मला ते दुकानातलं बोलणं वाटलं. पत्राच्या उत्तरात मी चार पानं भारदस्त इंग्रजी लिहिलं. त्यात शेतकऱ्यांचं कल्याण होतं, देशाची प्रगती होती, थांबणारं चाक तेवढं नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. मी काय गाळलं ते त्याला सांगायचं धाडस मला कधीच झालं नाही.

शेवटच्या भेटीत, दवाखान्यातल्या खाटेवर, तोच माझी समजूत काढत होता. "जाऊ दे रे. तू एवढं सगळं लिहून बी त्यायला पटलं न्हाई... म्हंजे सोपंच असंल ते." मी त्याच्या उशाशी मान खाली घालून बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

चिमटा माझ्या ओसरीत असतो. काल परसातल्या कपाशीच्या वाळल्या झाडाला लावून दांडा दाबला. चाक जागच्या जागी थांबलं आणि झाड मुळासकट वर आलं.

"माणिक, हे सोपं नव्हतं रे," मी मोठ्यानं म्हणालो. दवाखान्यात म्हणायला हवं होतं.