काचेतलं लेकरू अन् माझा कायदा

झाडू-पोछा करणाऱ्या बाईकडं किस्से लई साठतात. लोक तिच्यासमोर बिनधास्त बोलतात, अन् किश्शातल्या निम्म्या चुका तिच्याच असतात. मला लिहिता येत नाय. मी सांगतेय, सून संगीता लिहितेय. ती मधूनच हसते, तिकडं लक्ष देऊ नका.

शहरातल्या गारखेड्यात आमच्या मॅडमची लॅब. बीज काचेच्या बशीत जुळवून गर्भ वाढवायचा, हे काम इथं सुरू करणाऱ्या पहिल्या लोकांत त्या. तेव्हा लोक त्यांच्या दारावरून तोंड झाकून जायचे. माझ्या संगीताला नऊ वर्षं मूल नव्हतं. तिला पाठवायच्या आधी खरंखोटं बघावं म्हणून मीच तिथं झाडायच्या कामाला लागले. मोठी फौजदारीण!

*

पहिल्याच दिवशी मोगऱ्याचा गजरा माळून गेले. मॅडमनी दारातच अडवलं. "मावशी, आत गर्भ आहेत. त्यांना वास सोसत नाही. डोकं धुऊन या."

घरी येऊन सांगितलं. आमचे हे जन्मभर शेळ्यामेंढ्यांमागं फिरलेले. म्हणाले, "मग मला ती इमारत लांबूनच दाखव."

*

गर्भ उबेत ठेवायचं नवं मशीन आलं. मी कुणाला न विचारता दारात उदबत्ती लावली. मॅडम धावत आल्या, चिमटीनं विझवली. दिवसभर खोलीतलं काम बंद. नोकरी गेली म्हणून मी जिन्यात रडत बसले.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "उद्या लवकर या, भिंती पुसायच्यात. अन् देवाला घरूनच सांगा. त्याला पत्ता माहीत आहे."

*

अजिंठ्याकडची एक सासू मला विचारती, "बाई, आत लेकराचं तोंड दिसतं का वं?"

मी कमरेवर हात ठेवून म्हणलं, "दिसतं की. बापावर गेलंय."

मॅडम मागंच उभ्या. "मावशी, गर्भाचा आज तिसरा दिवस. आठ पेशी आहेत. त्यातली कुठली बापावर गेली?"

*

शेवटी संगीताचा नंबर लागला. गर्भ एकच तयार झालेला. बदलाबदली नको म्हणून लॅबचा नियम असा, की बाईनं स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगायचं, मगच मॅडम गर्भ देणार.

ही टेबलावर पडून म्हणाली, "संगीता..." अन् गप्प. पुढं नवऱ्याचं नाव, अन् दारात सासू. सुनेनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाय, हा घरात कायदा माझाच.

मॅडम लॅबच्या खिडकीतून म्हणाल्या, "लवकर सांगा, बशी बाहेर काढलीय."

मीच ओरडले, "संगीता ज्ञानोबा! द्या आता."

"मावशी, गर्भ तुमच्या पोटात ठेवायचाय का? तिला बोलू द्या."

"घे गं माय नाव," मी म्हणलं. "मी कान झाकते." अन् खरंच झाकले.

आता तिची लेक चार वर्षांची आहे. गच्चीवरून बापाला हाक मारती, "ओ ज्ञानोबा, चहा झाला!"

परवा मला विचारलं, "आजी, आजोबांचं नाव काय गं?"

मी म्हणलं, "आईला विचार."

तिची आई म्हणाली, "आजीलाच विचार."