पंप ऑटोवर ठेवायचा राहिला

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका नव्या दवाखान्याच्या चाचणीत आग विझवायचा पंप सुरू झाला नाही, तो माझ्या चुकीने. नाव मात्र मी तिथल्या प्लंबरचं, भाऊंचं घेतलं.

इमारत बांधून झाली की लिफ्ट, जनरेटर, आगीचे पंप चालवून, तपासून मालकाच्या ताब्यात द्यायचे, हे माझं काम. राहायला मी अमरावतीत, राजापेठेत. अकोल्याचं काम निघालं की सकाळची बस धरतो. भाऊ बार्शीटाकळीचे, माझ्याहून वयाने मोठे. दुपारी आपली अर्धी भाकर माझ्यापुढे ठेवायचे आणि ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं की राजापेठेची माणसं लेचीपेची असतात म्हणून खूश व्हायचे. मलाही त्यांच्याशिवाय जेवण जात नसे.

त्या दिवशी मी आधी पॅनलवरची कळ मॅन्युअलवर ठेवून पंप चालवून पाहिला. मग पाण्याचा दाब उतरताच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून कळ ऑटोवर फिरवायची असते, ती विसरून नारळ आणायला गेलो. नारळ फोडल्याशिवाय आमच्याकडे कोणी पहिली चाचणी घेत नाही. मालकांनी नारळ फोडला, भाऊंनी आग विझवायची नळी उघडली. पाइपातलं होतं तेवढं पाणी आलं आणि थांबलं. पंप गप्प.

आम्हा दोघांना काम देणारा ठेकेदार माझ्याकडे बघू लागला. माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रेशर स्विचचा कॉक बंद राहिला असेल. प्लंबिंगचं आहे." तो कॉक बंद असला तरीही पंप आपोआप सुरू होत नाही. कॉक फिरवायच्या निमित्ताने पॅनलजवळ गेलो आणि गुपचूप कळ फिरवली. पंप धडधडला. ठेकेदाराने सगळ्यांसमोर भाऊंना झापलं. ते नळी गुंडाळत राहिले. निघताना खोबऱ्याचा तुकडा तेवढा माझ्या हातावर ठेवला.

पुढच्या इमारतीवर दुसरा प्लंबर आला. भाऊंचं काम कोणाच्या चुकीने गेलं, हे तिथे फक्त मला माहीत होतं. काही महिने मी एकटाच जेवलो. शेवटी ठेकेदाराला खरं सांगितलं. त्याने मला पुष्कळ ऐकवलं, पण भाऊंना परत बोलवायला तयार झाला. तो निरोप घेऊन मी बार्शीटाकळीला गेलो.

भाऊंनी चहा दिला, निरोप ऐकून घेतला. मग म्हणाले, "कॉक तं म्या सकाळीच खोलला होता. तू काहून तसा बोलला, हे मले आजवर समजलं नाही."

"भाऊ, कळ मी विसरलो होतो. लाज वाटली, म्हणून तुमच्यावर ढकललं. माझं चुकलं. मला माफ करा."