मेलेला मासा दाखवा

लोणीत माझी चुलतवहिनी माशांचं बी वाढवते. जिऱ्याएवढी पिल्लं आणायची, बोटाएवढी करायची आणि धरणात सोडायला तिथं मासेमारी करणाऱ्यांना विकायची. ताडपत्रीची दोन तळी आहेत तिची. एक घरामागं, एक शेतात. शेतातल्या तळ्यावरून गेल्या वर्षी विजेची मोठी लाइन गेली. परवानगी कुणी कुणाला विचारली, हे विचारू नका.

यंदा त्या तळ्यावर बगळ्यांची जत्रा भरली. वहिनी म्हणाली, "भावजी, पिल्लं पळतच नायत." मी टाळी वाजवली. घरामागची पिल्लं टाळीसरशी तळाला जायची. ही जागची हलली नाहीत. बी एकच, पाणी एकाच विहिरीचं, खाद्य एकाच पोत्यातलं.

गावाची गाऱ्हाणी मी पत्रकात छापून वाटतो. लगेच मथळा ठरवला : तारा मासे मारतात!

"मारत नाय," वहिनी म्हणाली. "खोटं छापलं तर मला कोण इचारंल?"

मग आम्ही अदलाबदल केली. बादलीभर इकडची तिकडं, बादलीभर तिकडची इकडं, जाळीचे कप्पे करून. काही दिवसांनी पुन्हा टाळी. घरामागं वाढलेली तारेखाली जाऊनही पळाली. तारेखाली वाढलेली घरामागं येऊनही ढिम्म. म्हणजे बिघडलं ते अगदी लहानपणीच. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असतं, हे शाळेच्या पुस्तकात आहे. त्यानंच हे झालं का, मी छातीठोक सांगणार नाही. ते शोधणं ज्यांचं काम, त्यांना बोलावलं.

वीज कंपनीचे साहेब आले. "मेलेला मासा दाखवा, पंचनामा करतो."

"मेलेला नाय, खाल्लेला हाय. बगळ्याच्या पोटात."

"मग वर जाळी टाका."

"तारेखाली खांब रोवायचा नाय, हे तुमीच सांगून गेला व्हता."

"अहो बाई, मासे घाबरत नाहीत, ही काय तक्रार झाली?"

"माशानं घाबराय पायजे, साहेब. धरणात मोठा मासा टपून असतो."

साहेब हसले. चहा पिऊन गेले.

मग धरणावरचा गिऱ्हाईक आला. तो थेट तारेखालच्या तळ्याशी थांबला. "लई झकास हायेत की ही! हीच द्या."

वहिनीनं टाळी वाजवली. त्यानं पाण्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि पिशव्या उचलून घरामागं गेला. वहिनीचा निम्मा माल तसाच राहिला.

मथळा मी बदलला. लाइन हलवा, नाहीतर वहिनीला दुसरं तळं खोदून द्या, एवढी मागणी छापली. आणि खाली : विश्वास बसत नसेल तर लोणीत या, टाळी वाजवून बघा.