कापलेल्या पुरवण्या

रद्दी द्यायची म्हणून बाबांच्या खोलीतल्या रविवारच्या जुन्या पुरवण्या चाळत होतो. कुठे हंपीची सहल, कुठे सतारी बनवणाऱ्याची मुलाखत, आणि मध्येच चौकोनी भोक. आई पाककृती कापून घ्यायची आणि पाठीमागचा लेख अर्धवट व्हायचा. "तुझ्या वड्यांनी माझं हंपी खाल्लं," म्हणून बाबा कुरकुरायचे. एकाच कागदाच्या दोन बाजू दोघांना हव्या असणं, यालाच संसार म्हणत असावेत.

आई गेल्यानंतरच्या पुरवण्या मात्र धड होत्या. त्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"बाबा, या वाचायच्या राहिल्यात."

"असू देत," ते म्हणाले. "तेव्हा ती कात्री घेऊन यायच्या आत वाचून काढावं लागायचं. आता कसली घाई."