सॉलिसिटरला बंदी असलेलं दार
मी चौथी शिकलो. इंग्रजीतला एकच शब्द मला वाचता येतो, तो म्हणजे सॉलिसिटर्स. मुंबईला फोर्टात सॉलिसिटरांच्या, म्हणजे खटल्याचे कागद तयार करून बॅरिस्टरकडे देणाऱ्या वकिलांच्या, एका मोठ्या ऑफिसात मी जन्मभर शिपाई होतो आणि दारावरची पितळी पाटी रोज सकाळी चिंचेने मीच घासायचो. त्या शब्दाचं एकेक अक्षर माझ्या बोटाखालून गेलंय.

२००४ साली मुलाने न्यू जर्सीत, आयसेलिनजवळ घर घेतलं आणि मला बोलावून घेतलं. पहिल्याच सकाळी फिरायला निघालो, तर शेजारच्या दारावर पाटी. 'नो सॉलिसिटर्स'. नो म्हणजे काय ते कोणालाही कळतं. माझं डोकंच फिरलं. कुत्र्याला बंदी करा, बिडीला बंदी करा, सॉलिसिटरने यांचं काय घोडं मारलंय?

बेल दाबली. एक उंच, लालबुंद म्हातारा बाहेर आला. मी पाटीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि ठणकावून म्हणालो, "सॉलिसिटर! बॉम्बे!"

त्यानेही पाटीवर बोट ठेवलं, मग रस्ता दाखवला आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी हे ऐकून सून सोफ्यावर आडवी पडून हसली. "अहो बाबा, इथे सॉलिसिटर म्हणजे दारोदार वस्तू विकणारे! त्यांना वाटलं असेल तुम्ही व्हॅक्यूम क्लीनर विकायला आलात."

"माझ्या हातात होता का क्लीनर?"

"बाबा, सोडा ना यार," मुलगा म्हणाला. "इथे अर्थ वेगळा आहे, एवढंच."

"अर्थ यांनी बिघडवायचा आणि सोडायचं मी? एक तर ती पाटी जाईल, नाहीतर मी. काढ तिकीट."

बोललो खरा. मुंबईच्या खोलीला कुलूप होतं. बायको आदल्या वर्षी गेली होती आणि तिकडे माझी वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता. मुलगाही शेवटी माझाच. त्याने खरोखर शनिवारचं बुकिंग केलं.

गुरुवारी सून घरून काम करत होती. मला न विचारता तिने त्या म्हाताऱ्याला चहाला बोलावलं. मी उठून आत जाणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, यांचे वडील आयर्लंडला सॉलिसिटर होते म्हणे."

मी परत बसलो.

तो बोलायचा, सून मराठी करून सांगायची. वडिलांचं ऑफिस एका बाजाराच्या गावात, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा काळ. बाजाराच्या दिवशी दाराशी मेंढ्या, आत बांधावरून भांडणारे भाऊ. सॉलिसिटरांचं एक मासिक यायचं. वडील न्याहारीला बसले की आधी कोण वारलं ते वाचायचे. मग म्हणायचे, "देव त्याला शांती देवो. आता त्याचं सरकारी काम कोणाकडे जाणार?"

मी मांडीवर थाप मारली. "यांना सांग, आमच्याकडे मासिक लागायचंच नाही. कोणता भागीदार फुटणार, कोणाचा मुलगा परीक्षेत पुन्हा आपटला, सगळं आम्हा शिपायांना साहेबांच्या आधी कळायचं."

म्हातारा खो खो हसला. वडिलांचा कारकूनही अगदी असाच होता म्हणे. मग त्याने सांगितलं, की गावातल्या दुसऱ्या सॉलिसिटरने एकदा जरा मोठी पाटी लावली, तर सगळ्या धंद्यात बोभाटा झाला. गिऱ्हाईक ओढायला पाटी मोठी करणं म्हणजे हलकटपणा. कामासाठी कोणाच्या दारात जाणं तर त्याहून वाईट.

"म्हणून ते म्हणतायत," सून हसू दाबत म्हणाली, "की जो येऊन बेल वाजवतो तो सॉलिसिटर असूच शकत नाही. वडील असते तर ही पाटी त्यांनीच लावली असती."

"मुद्दा बरा आहे म्हणावं. पण पाटीवर तसं लिहिलेलं नाही."

तो उठलाच. स्क्रू ड्रायव्हर आणतो, आत्ता काढतो म्हणाला. दाराशी थांबून आणखी काही बोलला. सुनेने ते जरा हळू आवाजात सांगितलं. पाटी त्याच्या बायकोने लावली होती. ती आता नाही.

"बस म्हणावं त्याला," मी म्हणालो. "राहू दे पाटी. पण मी तिच्याखालून जाणार नाही."

"मग त्यांच्याकडे जाणार कसे?"

"मागच्या दाराने."

त्याला हे पटलं. भावकीपासून लपून येणारे पक्षकार वडिलांकडे परसातूनच यायचे म्हणे. उद्या दुपारी या म्हणाला. इथवर सगळं छान चाललं होतं. मग जाता जाता तो म्हणाला, की शहरातून बॅरिस्टर आला की वडील स्टेशनवर जाऊन त्याची बॅग उचलायचे.

"बॅरिस्टरची? सॉलिसिटरने?" मी ओरडलो. "अरे, मोठमोठे बॅरिस्टर आमच्याकडच्या खटल्यांच्या ब्रीफची वाट बघत बसायचे! त्यांच्या टेबलावर ती नेऊन ठेवणारा मी होतो!"

त्याने मान हलवली. बॅरिस्टरच मोठा म्हणे.

"बाबा, बीपी," सून म्हणाली. "आणि शनिवारचं काय?"

"कॅन्सल कर. हा सुधारायला दोन दिवस पुरायचे नाहीत."