सापाकडचे आणि म्हातारीकडचे

मी चौथीत शाळा सोडली आणि जन्मभर विक्रोळीच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलो. तरी गेल्या वर्षी मी सिम्फनी केली. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

झालं असं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला टीव्ही बंद होता, म्हणून नात एक जाडजूड पुस्तक वाचून दाखवायची. त्यात पंखांचा साप राजाची सावली गिळतो, आणि समुद्राकाठची एक म्हातारी बाटल्यांत वारे भरून त्याच्याशी लढते. सगळं खोटं, पण असं झकास खोटं, की ऐकता ऐकता मी मांडीवर ठेका धरायचो.

"आजोबा, हलू नका ना, थेंब घातलेत डोळ्यांत!"

साप डोक्यावरून उडतोय आणि मी गप्प पडून राहू?

नात अंधेरीतल्या चाळीस जणांच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. मी गायचो, पखवाजावर वाजवून दाखवायचो, ती कॉम्प्युटरवर उतरवायची. घरात दुसरं काही नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, कुकरच्या शिट्ट्या तरी मोजू द्या."

सिम्फनीचे चार भाग असतात, हे नात मला कौतुकाने शिकवायला आली. मी म्हटलं, "मला काय सांगतेस गो? मी डबलबारीला पखवाज वाजवलाय." आमच्या कोकणात डबलबारीत दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. एकाने टोमणा मारायचा, दुसऱ्याने तो परतवायचा, आणि शेवटी गजर. म्हणून मी अर्धी वाद्यं सापाला दिली, अर्धी म्हातारीला, आणि चौथ्या भागात, साप सावली ओकतो तिथे, गजर ठेवला.

"गजर किती वेळा घ्यायचा?"

"रंगेल तोपर्यंत."

तिने तसंच लिहिलं.

रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम झाली. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या बाई मुलुंडच्या, हातात बारीक काठी घेऊन पुढे उभ्या. तीन भाग असे झकास वाजले की मी खुर्चीतच ठेका धरला. मग गजर आला, दोनदा वाजला आणि लाइट गेल्यासारखा थांबला. साप हवेतच लटकला.

बाई वळल्या. "आजोबा, इथे आकडा नाही. चाळीस माणसं एकदम थांबणार कशी? आकडा द्या, नाहीतर आपण तीनच भाग वाजवू."

"गजराला आकडा नसतो."

नात व्हायोलिनमागून खुणावत होती. "आठ म्हणा ना, आजोबा!"

"साप काय आठ मोजून सावली ओकणार?"

सगळे हसले. बाई नाही हसल्या. "मग तीन भाग," म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली.

गजराशिवाय सावली सापाच्या पोटातच राहणार, म्हणजे सगळी लढाई फुकट. चूक माझीच होती, पण तिथे कबूल कोण करतो! भजनात टाळकरी बुवाच्या हाताकडे बघतात. ही माणसं कागदाकडे बघतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी उठलो आणि सरळ मधोमध जाऊन उभा राहिलो. "कागद उलटे करा. चार ओळी तर आहेत! माझा हात वर गेला की थांबायचं. तोपर्यंत समोरच्यांना सोडायचं नाही."

बाईंनी घड्याळ बघितलं. "एकदाच हं."

पहिल्या दोन फेऱ्या बिचकत गेल्या. तिसरीत म्हातारीकडच्या बासरीवालीने सापाकडच्या ट्रम्पेटवाल्याची अशी नक्कल केली, की तो तावातावाने उभाच राहिला. मग काय, लय चढली. कोणाचा तरी चष्मा पडला, कोणी उचलला नाही. डॉक्टर जे गुडघे बदला म्हणतो, ते माझे गुडघे आपोआप नाचायला लागले. दम लागून मी हात वर करणार, तोच बाई ओरडल्या, "अजून नको! अजून एकदा!" काठी खुर्चीवर टाकून त्या टाळ्या वाजवत होत्या.

शेवटी हात वर गेला. चाळीसच्या चाळीस एका झटक्यात थांबले, आणि मग जो काय आरडाओरडा झाला! किती फेऱ्या झाल्या? नगारेवाला म्हणाला एकोणीस, नात म्हणाली चौदा. दोघं भांडत बसली.

बाई माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. "गजर राहू दे. पण कार्यक्रमात मधे तुम्हीच उभं राहायचं. काळा कोट शिवून घ्या."

"कोट नाही. सदरा-लेंगा."

"अहो, सगळे कोटात असतात."

"सगळे कागदाकडेपण बघत होते."

बाई कपाळाला हात लावून हसायला लागल्या. "बरं बाबा, पण इस्त्रीचा तरी घाला."

तेवढं मी ऐकलं.