जेकब सगळं ऐकत होता

मंडळी, आज दुपारची गोष्ट.

डॉक्टर झालेली भाची जेवताना सांगत होती, "आत्या, मज्जातंतूच्या टोकाला रसायनाच्या बारीक पिशव्या असतात. रिकाम्या झाल्या की पेशी त्याच पुन्हा भरून वापरते. मण्यार सापाचं विष नेमकं तेच बंद पाडतं. मग मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही."

मला ऐंशीच्या दशकातली आमच्या पापडी गावातली ती सकाळ आठवली. मण्यार चावलेल्या माझ्या भावाच्या, जेकबच्या पापण्या उघडेनात. मग आवाज गेला. इस्पितळात आम्ही हाताने फुगा दाबून त्याला श्वास देत होतो. फादरांनी शेवटची प्रार्थनाही म्हटली. कित्येक दिवसांनी त्याचं बोट हललं.

आज शेजारी जेवत बसलेला जेकब हळूच म्हणाला, "मी शुद्धीत होतो. प्रार्थना ऐकत होतो. जिवंत आहे, एवढंच सांगता येत नव्हतं."

निपचित पडलेल्या माणसाजवळ तुम्ही काय बोलता?